एका हाडावरून उंची ओळखा!

बालमित्रांनो, आपल्या शरीरातलं सगळ्यात लांब हाड कोणतं, सांगा पाहू? बरोबर, मांडीचं! खुब्यापासून निघून थेट गुडघ्यापर्यंत पोचणारं. डॉक्टर त्याला फीमर म्हणतात. आता गंमत ऐका. हे एकटं हाड हाती लागलं, तरी तो माणूस किती उंच असेल, हे न्यायवैद्यकातले तज्ज्ञ सांगू शकतात!

कसं बरं जमतं हे? मोठ्या माणसाच्या उंचीत मांडीच्या हाडाचा वाटा पाव भागाहून थोडासा जास्त असतो. उंच माणसाचं हाड लांब, बुटक्या माणसाचं आखूड. पण एवढ्या मोघम अंदाजावर पोलिसांचं भागत नाही. त्यांना पक्का हिशेब लागतो.

तो हिशेब बसवणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांचं नाव मिल्ड्रेड ट्रॉटर. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात त्या शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४८ साली, त्या हवाई बेटांवरच्या एका प्रयोगशाळेत गेल्या. युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांचे सांगाडे तिथे आणले होते. कोणता सांगाडा कुणाचा, हे शोधायचं होतं. कारण घरी आईवडील वाट पाहत होते ना!

सैन्यात भरती होताना प्रत्येकाची उंची मोजून कागदावर लिहिलेली असायची. मग ज्या सैनिकांची ओळख पटली, त्यांची कागदावरची उंची आणि हाडांची लांबी ट्रॉटरबाईंनी शेजारी शेजारी मांडली. एकदोघांची नाही, शेकडो जणांची! गोल्डाइन ग्लेझर या संख्याशास्त्र जाणणाऱ्या बाई त्यांच्या मदतीला आल्या आणि १९५२ साली दोघींनी सूत्रं छापली.

त्यांतलं गोऱ्या अमेरिकन पुरुषांसाठीचं सूत्र असं : मांडीच्या हाडाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला २.३८ ने गुणा आणि त्यात ६१.४१ मिळवा. समजा, हाड ४५ सेंटिमीटर आहे. गुणाकार आला १०७.१. बेरीज केली की उंची १६८.५१ सेंटिमीटर.

झालं? नाही! सूत्रापुढे आणखी एक आकडा असतो : अधिक-उणे ३.२७. म्हणजे इतकंच लांब हाड असलेली तीन माणसं घेतली, तर त्यांतली साधारण दोन १६५ ते १७२ सेंटिमीटरच्या दरम्यान बसतील, एखादं बाहेर राहील. चूक किती होऊ शकते, हेसुद्धा मोजून सांगायचं! मला या शास्त्रातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

बायकांसाठी सूत्र वेगळं. तेच ४५ सेंटिमीटरचं हाड बाईचं असेल, तर उत्तर येतं सुमारे १६५. देशोदेशीच्या लोकांची शरीराची ठेवणही वेगळी असते. म्हणून भारतातही निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांची मापं घेऊन अभ्यास झाले आहेत.

आता तुम्हीही करून बघा. हाड कशाला, पाऊल पुरे! मोठ्या माणसाचं पाऊल त्याच्या उंचीच्या साधारण १५ टक्के असतं. आईला टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा. सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा. नीट बघा हं, काही जणांचं अंगठ्याशेजारचं बोटच पुढे असतं! टाचेपासून खुणेपर्यंत मोजा, १०० ने गुणा, १५ ने भागा. पाऊल २४ सेंटिमीटर असेल, तर उंची येईल १६०. मग खरी उंची मोजून ताडून बघा.

तुमच्या स्वतःच्या पावलावर मात्र हा हिशेब लावू नका. मुलांचं सगळं शरीर एकाच वेगाने वाढत नाही. तान्ह्या बाळाचं डोकंच त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं! आणि उंची शक्यतो सकाळीच मोजा. दिवसभर उभं राहून, चालून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर बुटका होतो.

घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची मापं वहीत लिहा. अंदाज, खरी उंची आणि दोन्हींतला फरक, असे तीन रकाने आखा. फरक जास्त आला, तरी तो खोडू नका. तुमच्या वहीतला तोच रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे!