सेटल झाल्यावर नव्हे, आत्ता!

करिअर आधी की घर? मीटिंग आधी की आईचा फोन? 'बॅलन्स' शोधता शोधता दमलेल्या आपल्या पिढीने कल्याणच्या कल्पना सरोज यांची गोष्ट जरा वेगळ्या बाजूने वाचायला हवी...

मानपाडा एक नाही, दोन आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रोडवरचा, टॉवर्सवाला. दुसरा डोंबिवली पूर्वेचा, जिथे मानपाडा रोड कल्याण-शीळ रस्त्याला जाऊन मिळतो. मी या दुसऱ्या मानपाड्याच्या बाजूची. पण दोन्हीकडच्या माझ्या वयाच्या मंडळींचं एक वाक्य मात्र कॉमन आहे. 'एकदा सेटल झालो ना, की...' की आईबाबांना गावाहून घेऊन येऊ. की मुलांना वेळ देऊ. की जरा माणसासारखं जगू. ईएमआय, अप्रेझल आणि सकाळची फास्ट लोकल यांच्या मधे 'सेटल' नावाचं स्टेशन काही येत नाही!

मी फ्रीलान्सर. माझ्याकडे तर पगाराची तारीखसुद्धा नाही. त्यामुळे हे वाक्य मलाही पाठ आहे. आणि म्हणूनच आमच्या शेजारच्या कल्याणात उभं राहिलेलं एक आयुष्य मला सारखं खुणावतं. कल्पना सरोज यांचं. 'दोन रुपये रोज ते पद्मश्री' ही त्यांची हेडलाईन तुम्ही वाचली असेलच. मला मात्र त्या दोन टोकांच्या मधलं घर जास्त महत्त्वाचं वाटतं.

बाराव्या वर्षी सासर

अकोला जिल्ह्यातलं रोपरखेडा हे त्यांचं गाव. जन्म १९६१चा. दलित कुटुंब, वडील पोलिस कॉन्स्टेबल. बाराव्या वर्षी लग्न झालं आणि ही मुलगी मुंबईतल्या झोपडपट्टीत सासरी आली. मुलींसाठी लग्नाची कायदेशीर वयोमर्यादा तेव्हाही १५ वर्षं होती, ती १८ झाली १९७८ मध्ये. पण कायदा कागदावर आणि मुलगी चुलीपाशी, हे आपल्याकडे नवीन नाही. सासरी मारहाण, उपासमार. काही महिन्यांनी वडील भेटायला आले, लेकीची अवस्था पाहिली आणि तिला सरळ घरी घेऊन गेले.

इथे जरा थांबूया. 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणण्याच्या त्या काळात एका बापाने लेकीला परत आणलं! पुढच्या सगळ्या यशाची पहिली वीट मला तरी इथेच दिसते. गावात टोमणे चुकले नाहीत. नवऱ्याला सोडून आलेली मुलगी म्हणून इतकं बोललं गेलं, की तिला जगणंच नकोसं झालं. त्यातून ती वाचली आणि पुन्हा मुंबईला निघाली. या वेळी कमवायला.

आधी खोली, मग बाकी सगळं

लोअर परळच्या होजिअरी कारखान्यात काम मिळालं. मशीनवर हात चालेना, म्हणून धागे कापायच्या कामावर ठेवलं. रोज दोन रुपये. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशीनवर सराव करत ती शिलाई शिकली. तिकडे वडिलांची नोकरी गेली. मग हातात थोडे पैसे येताच या मुलीने काय केलं? कल्याणमध्ये भाड्याने खोली घेतली आणि घरच्यांना तिथे आणलं. सेटल झाल्यावर नव्हे हं, त्याच्या कितीतरी आधी.

पण गोष्ट इथे गोड होत नाही. धाकटी बहीण आजारी पडली. उपचारांना पैसे नव्हते आणि ती गेली. माया होती, माणसं एकत्र होती, तरी पैसा नव्हता म्हणून घरातलं एक माणूस गेलं. 'पैसा काय, येतो-जातो' असं म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. त्यानंतर कल्पना सरोज यांनी सरकारी योजनेतून ५० हजार रुपयांचं कर्ज मिळवलं आणि फर्निचरचा धंदा सुरू केला. कर्जासाठी घातलेल्या खेपांतून जे शिकल्या, ते कल्याणातल्या इतर बेरोजगार तरुणांनाही सांगितलं.

पुढे दुसरं लग्न झालं, दोन मुलं झाली. १९८९ मध्ये पतीचं निधन झालं. मुलं लहान आणि पतीचा स्टीलच्या कपाटांचा धंदाही आता त्यांच्याच अंगावर. याच कल्याणात त्यांनी वादात अडकलेली एक जमीन घेतली, कोर्टकचेऱ्या निस्तरल्या आणि बांधकाम व्यवसायात पाय रोवले. जिवावर बेतणाऱ्या धमक्याही पचवल्या.

तारेवरची कसरत की कावड?

मग आली कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज. मालकांच्या भांडणात अडकलेली ही कंपनी १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निर्णयाने कामगारांच्या हाती गेली होती. पण कर्ज वाढत गेलं, ११६ कोटींवर पोहोचलं. २००० मध्ये कामगार कल्पना सरोज यांच्याकडे आले. पाचशेहून अधिक कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न होता. २००६ मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. कामगारांची थकलेली देणी दिली गेली, कारखाना वाड्याला हलला आणि कंपनी पुन्हा उभी राहिली. २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली.

नोकरी आणि घर सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत, असं आपण सहज म्हणून जातो. तारेवर माणूस एकटा असतो आणि खाली सगळे टाळ्या वाजवायला! मला कल्पना सरोज यांची वाटचाल कावडीसारखी वाटते. कावडीचं एक टोक रिकामं ठेवलं तर चालणं सोपं होत नाही, उलट ती कलंडते. घराचं ओझं होतं म्हणून त्या कामाला भिडल्या आणि काम होतं म्हणून घर तगलं. बाप लेकीला परत आणतो, लेक बापाला कल्याणात आणते. आधार असा आळीपाळीने दिला जातो.

आणि एक सांगू? प्रत्येकीने कंपनी वाचवायची नसते. दोन रुपये रोजावर राबणाऱ्या हजारो जणींना पद्मश्री मिळत नाही. त्यांची मेहनत कमी असते म्हणून नव्हे. परत आणणारा बाप, पहिलं कर्ज, डोक्यावर छप्पर, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही म्हणून. 'जिद्द असली की सगळं होतं' हे पोस्टरवर ठीक आहे हो!

म्हणून या वीकेंडला बॅलन्स शीट जरा वेगळी मांडून बघा. गावाकडच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, भावाची फी, बायकोचं किंवा नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं शिक्षण, सासरी घुसमटणाऱ्या बहिणीला एक फोन. यातलं 'सेटल झाल्यावर'च्या रकान्यात काय काय पडलंय? त्यातली एक गोष्ट उचला आणि या महिन्यात घाला. पगार पुरणार नाही, माहीत आहे. कल्याणची ती खोली घेतली, तेव्हाही तो पुरत नव्हताच.