'अध्यापनाच्या ओघात': एका शब्दसमूहाचा अर्थ आणि ग्रंथव्यवसाय

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ ज्या कृत्यांना हक्कभंग मानीत नाही, त्यांत शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या पुनरुत्पादनाचा समावेश होतो. हा 'ओघ' कोठून सुरू होतो व कोठे थांबतो, हा वरवर पाहता भाष्यकाराचा प्रश्न. तथापि २०१२ साली त्याच्या उत्तरावर शैक्षणिक ग्रंथव्यवसायाचे हिताहित अवलंबून राहिले.

त्या वर्षी ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी दोन: दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान आणि दिल्ली विद्यापीठ. अभ्यासक्रमात नेमलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे झेरॉक्स करून व एकत्र बांधून हे दुकान विद्यार्थ्यांना पुरवीत असे. दर पानामागे ४० पैसे. भरपाईची मागणी मात्र ६० लाख रुपयांची होती.

प्रकाशकांच्या मते अध्यापन म्हणजे वर्गात घडणारी गोष्ट. दुकानदार शिक्षकही नव्हे आणि विद्यार्थीही नव्हे. शिवाय याच कलमाची दुसरी एक तरतूद शैक्षणिक संकलनांस परवानगी देताना, पाच वर्षांत एका लेखकाचे दोनच उतारे घेण्याची मर्यादा घालते. मग झेरॉक्स-संचाला अमर्याद मुभा का असावी? हा युक्तिवाद पोकळ नव्हता.

न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. ग्रंथालयात बसून विद्यार्थ्याने पाने हाताने उतरून घेतली तर जो हक्कभंग होत नाही, तो यंत्राने उतरविल्याने होत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा एक धागा होता. अपिलात ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने अधिक बारकाईने अर्थनिर्णय केला. अध्यापन हे वर्गाच्या चार भिंतींत मावत नाही. त्याची पूर्वतयारी व नंतरचे अध्ययनही त्यातच येते. संकलनाच्या तरतुदीत 'प्रकाशन' आहे, येथे 'पुनरुत्पादन'. एकाची मर्यादा दुसऱ्यास लागू करता येत नाही. कसोटी पानांच्या संख्येची नव्हे, तर अध्यापनाच्या गरजेची. संचातील मजकूर खरोखर गरजेचा होता काय आणि संपूर्ण ग्रंथांच्या प्रती काढणे क्षम्य आहे काय, हे मुद्दे मात्र पुराव्यासाठी कनिष्ठ पायरीवर परत पाठविण्यात आले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, आणि ते मुद्दे अनुत्तरित राहिले.

व्यवसायावरील पहिला परिणाम उघड आहे. झेरॉक्स-संचांसाठी हक्कसंस्थेकडून परवाना घेऊन शुल्क भरावे, ही प्रकाशकांनी पुढे केलेली व्यवस्था विद्यापीठांना बंधनकारक उरली नाही. तरीही मोठ्या प्रकाशकांची हानी अतिरंजित करू नये. तीस-चाळीस महागडे ग्रंथ एकेका प्रकरणासाठी विकत घेणारा विद्यार्थी हे त्यांचे गिऱ्हाईक कधी नव्हतेच.

भारतीय भाषांतील प्रकाशकाची गोष्ट निराळी. समाजशास्त्रात एखादे प्रकरण नेमतात. साहित्याच्या वर्गात कादंबरी किंवा कवितासंग्रह समग्रच नेमला जातो. 'गरज' हीच कसोटी असेल तर येथे संपूर्ण पुस्तकच गरजेचे ठरते. लहान आवृत्तीच्या मराठी पुस्तकाला अभ्यासक्रमातील निवड हाच पुष्कळदा विक्रीचा मोठा आधार असतो. तेव्हा अनुत्तरित राहिलेला प्रश्न नेमका याच प्रकाशकाचा होता. याची दुसरी बाजूही आहे. नेमलेले पुस्तक बाजारात नाही, प्रकाशकाला नवी आवृत्ती परवडत नाही, आणि महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या विभागाच्या ग्रंथालयात एकच जीर्ण प्रत उरलेली आहे, अशा वेळी ती प्रत झेरॉक्सच्या दुकानात नेण्यावाचून अध्यापकाला गत्यंतर नसते.