इंग्रजी अर्जातली मराठी वाक्यरचना

मराठी माणसाच्या इंग्रजी लेखनातल्या पुष्कळ चुका मराठीच्या नियमानं अगदी बरोबर असतात. म्हणूनच त्या लिहिणाऱ्याला खटकत नाहीत.

मुंबईतल्या मनोरी गावच्या रहिवाशानं वॉर्ड ऑफिसला इंग्रजीत अर्ज लिहायला घेतला, असं समजू. ‘मी दहा वर्षांपासून मनोरीत राहतो आहे’ हे मनात धरून कागदावर उतरतं : ‘आय ॲम लिव्हिंग इन मनोरी सिन्स टेन इयर्स.’ यात चुका दोन. आधी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट मराठी वर्तमानकाळात सहज सांगते; इंग्रजीला तिथं ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. शिवाय ‘पासून’ सालालाही चालतं आणि मुदतीलाही. इंग्रजीत ‘सिन्स २०१५’, पण ‘फॉर टेन इयर्स’.

पुढची ओळ आणखी फसवी. ‘मी काल अर्ज दिला आहे’ हे शुद्ध मराठी, पण इंग्रजीत ‘हॅव सबमिटेड’ आणि ‘येस्टर्डे’ एकत्र नांदत नाहीत. ‘आय सबमिटेड इट येस्टर्डे’ एवढंच पुरतं. इथं शाळेतलं व्याकरणही थोडं गोंधळात टाकतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. पुढेही दोन्ही भाषांतल्या काळांच्या जोड्या लावून शिकवण्याची रीत राहिली. नावं जुळली, वापर मात्र जुळला नाही.

‘अ’ आणि ‘द’ तर मराठीत नाहीतच, त्यामुळे ते गाळले जातात. त्याच अर्जात गावच्या जेट्टीचा पहिला उल्लेख ‘देअर इज अ जेट्टी ॲट मनोरी’ असा, त्यानंतर तीच ‘द जेट्टी’. ‘ॲन’ लावायचं की नाही हे अक्षर पाहून नव्हे, उच्चार ऐकून ठरवावं : ‘अ युनिव्हर्सिटी’, पण ‘ॲन अवर’.

‘जरी’ आलं की ‘तरी’ येणारच, या सवयीनं ‘ऑलदो’च्या मागोमाग ‘बट’ येतं. दोहोंपैकी एकच ठेवावं. ‘विषयी चर्चा’मुळे ‘डिस्कस अबाउट’ होतं, तिथं ‘अबाउट’ नको. सल्ल्याचे सल्ले होतात, ‘ॲडव्हाइस’चं अनेकवचन होत नाही. आणि स्वल्पविराम देत वाक्याला वाक्य जोडत नेणं मराठीत खपून जातं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘अँड’सारखा जोडशब्द हवाच.