"तुला जमणार का?" याचं उत्तर वहीत द्या

हिरकणीवाडीत रोपवेजवळ पिठलं-भाकरीचा स्टॉल टाकतो म्हटलं, की आधी ऐकू येतं, "तुला जमणार का?" वाद घालू नका. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला ड्युटी केली. धावायला लागला 2015 मध्ये. वजन वाढलेलं होतं, ते जवळपास 20 किलो उतरवलं. हा गडी धावणार का, असं कुणालाही वाटलं असतं. 2018 मध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचा 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. वेळ होती 8 मिनिटं 29.80 सेकंद. 2024 मध्ये पॅरिसला तीच वेळ 8 मिनिटं 9.91 सेकंदांवर आली. सहा वर्षांत जवळपास 20 सेकंद, तेही एका झटक्यात नाही. स्वतःचाच विक्रम तो पुन्हा पुन्हा मोडत गेला.

धंद्यातही असंच करा. रोज रात्री तीन आकडे लिहा: गिऱ्हाईकं किती, विक्री किती, खर्च जाऊन हातात किती उरले. शनिवारची तुलना मागच्या शनिवारशीच करा, बुधवारशी नको आणि शेजारच्या स्टॉलशी तर नकोच. टोमणे मारणाऱ्यांना वही दाखवायची गरज नाही. पण उद्या बँकेत मुद्रा कर्ज मागायला जाल, तेव्हा तीच वही तुमच्या बाजूने बोलेल.