ब्रेक दाबला, पण मागच्याला कळलंच नाही! जुन्या गाडीचे मागचे दिवे का बंद पडतात आणि दोष कसा शोधायचा?

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. माजलगाव, तेलगाव, गेवराई, अंबाजोगाई, कुठल्याही रस्त्याला रात्री निघा, एखादी भरलेली ट्रॉली पुढे असतेच. तिला मागे दिवा नसेल तर अगदी जवळ गेल्यावरच ती दिसते. अशा वेळी पुढचा चालक कचकन ब्रेक मारतो. त्याचे ब्रेक लाइट पेटले, तर मागून येणारा सावध होतो. नाही पेटले तर?

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. मागच्या चालकाला धोका दीड सेकंद उशिरा कळला, तर तेवढ्यात त्याची गाडी ३३ मीटर जवळ आलेली असते. म्हणून धुळे-सोलापूर महामार्गावर किंवा मांजरसुंब्याच्या घाटात मागचे दोन लाल दिवे हा शोभेचा भाग राहत नाही.

गंमत म्हणजे स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा बंद आहे, हे चालकाला सगळ्यात शेवटी कळतं. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांमध्ये तशी सूचना देणारी सोयच नसते.

आधी तपासणी, मग पाना

मदतीला कोणी नसेल तर मोबाईल गाडीच्या मागे टेकवून व्हिडिओ सुरू करायचा. मग पार्किंग लाइट, ब्रेक, डावा-उजवा इंडिकेटर आणि शेवटी पार्किंग लाइट चालू ठेवून ब्रेक, असं एकेक करून पाहायचं. दोष कुठे आहे, हे बऱ्याचदा त्या व्हिडिओतच दिसतं.

एकाच बाजूचा दिवा बंद

इथे पहिला संशय बल्बवर. बहुतेक जुन्या गाड्यांत मागच्या लाल दिव्यासाठी एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. ५ वॅटची तार रात्रीच्या दिव्यासाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. एक तार तुटली तरी दुसरी चालूच राहते. म्हणून 'दिवा तर लागतोय' या समजुतीत राहू नये. दुकानात १२ व्होल्ट, २१/५ वॅटचा डबल फिलामेंट बल्ब मागायचा. त्याच्या दोन पिना मुद्दाम वर-खाली असतात, त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो. जोर लावून उलटा बसवू नये.

दोन्ही बाजूंचे ब्रेक लाइट बंद

दोन्ही बल्ब एकाच दिवशी उडण्याची शक्यता कमी. आधी फ्यूज पाहायचा, मग ब्रेक पॅडलच्या वर बसवलेला छोटा स्विच. पॅडल दाबलं की या स्विचचं बटण बाहेर येतं आणि दिवा पेटतो. स्विच झिजला की दिवा पेटत नाही.

उलट प्रकारही होतो. गाडी बंद असतानाही ब्रेक लाइट चालूच राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. अनेकदा यामागे पॅडलवरचं छोटंसं रबरी किंवा प्लास्टिकचं बटण तुटून पडलेलं असतं. वस्तू किरकोळ किमतीची, पण बॅटरीचा जीव घेणारी.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो

हा जुन्या गाड्यांचा खास आजार, आणि इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. बल्ब बदलला, होल्डर बदलला, तरी दोष तसाच. कारण दोष 'अर्थ'चा असतो.

गाडीत बॅटरीची एक बाजू थेट बॉडीला जोडलेली असते. दिव्यातून गेलेला करंट बॉडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. धूळ, पावसाचं पाणी आणि गंज यांमुळे ही जोडणी बिघडली की करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट शेजारच्या बल्बमधून जाते आणि नको तो दिवा मंद पेटतो.

थोडा गंजही पुरेसा असतो. या वाटेत फक्त एक ओहम अडथळा आला, तरी ब्रेक लाइटचा प्रकाश ढोबळमानाने एक तृतीयांशाने घटतो. दिवा पेटतो, पण दुपारच्या उन्हात मागच्याला दिसत नाही.

खात्री करणं सोपं आहे. वायरचं एक टोक होल्डरच्या अर्थला आणि दुसरं बॉडीवर रंग नसलेल्या स्वच्छ धातूला लावायचं. दिवा लगेच लख्ख झाला, तर चोर सापडला. मग डिक्कीतला अर्थचा स्क्रू काढून, खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून तो घट्ट बसवायचा. होल्डरमधला पांढरा-हिरवा थरही साफ करायचा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय

म्हणजे कुठेतरी वायर सोलून पत्र्याला लागते आहे. डिक्कीच्या बिजागरीजवळ दार उघडबंद होताना वायर घासते, तिथे आधी पाहावं. नंतर जोडलेले हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांचे जोडही तपासावेत. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार मात्र अजिबात लावू नये. फ्यूज उडणं बंद होतं आणि वायर पेटते. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावं.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा आणि नंबर प्लेट उजळणारा पांढरा दिवाही हवा. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा आरटीओच्या तपासणीत दिवेही पाहिले जातात. फुटलेली काच बदलताना नव्या काचेत लाल रिफ्लेक्टर आहे ना, हेही पाहावं. दिवा बंद पडला तरी मागच्या गाडीच्या प्रकाशात तोच चमकतो.

रात्री वाटेतच दिवे गेले, तर हॅझार्ड लाइट लावून सावकाश जवळच्या ढाब्यापर्यंत जावं. रस्त्याच्या कडेला अंधारात गाडीत बसून राहू नये.

आणि स्वतःची ट्रॉली असेल, तर मागच्या फळीवर लाल रेडियम पट्टी आजच लावावी. तिला ना फ्यूज लागतो, ना अर्थ.