सुगंधी पाहुणी : रानतुळस

एकच वनस्पती एका ठिकाणी अन्न असते, दुसऱ्या ठिकाणी औषध असते आणि तिसऱ्या ठिकाणी तण ठरते. तण ही वनस्पतीची जात नव्हे. माणसाला नको असलेल्या जागी, नको तितक्या प्रमाणात वाढणाऱ्या रोपाला दिलेले ते नाव आहे. शेतात उगवलेला टाकळा शेतकरी उपटून टाकतो. पण पहिल्या पावसानंतर तोच टाकळा भाजी म्हणून चुलीवर चढतो. तेव्हा एखादे रोप चांगले की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. ते कोठे, किती आणि कशामुळे वाढले, हे पाहावे लागते. छत्तीसगडमधील भिलाईच्या परिसरात उगवणाऱ्या रानतुळशीच्या उदाहरणावरून ही गोष्ट चांगली समजते.

रानतुळशीची ओळख

रानतुळशीला कोठे विलायती तुळस, तर हिंदी भाषक प्रदेशात वन तुलसी असेही म्हणतात. तुळस, सब्जा, पुदिना आणि ही वनस्पती एकाच कुळातील आहेत. मात्र ती आपल्या अंगणातील तुळस नव्हे. शास्त्रज्ञ तिला पूर्वी हिप्टिस सुआव्हेओलेन्स म्हणत. आता मेसोस्फेरम सुआव्हेओलेन्स हे नाव वापरले जाते. नावातील ‘सुआव्हेओलेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘गोड वासाची’ असा आहे.

हे रोप एका वर्षाचे असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते रुजते, पावसात झपाट्याने वाढते आणि पाऊस ओसरताना त्याला लहान, निळसर जांभळी फुले येतात. हिवाळ्यात बी पिकते आणि उन्हाळ्यापर्यंत झाड वाळून नुसत्या काटक्या उरतात. अनुकूल जागी त्याची उंची माणसापेक्षाही अधिक होते. खोड चौकोनी व केसाळ असते. पान चुरगळले की उग्र सुवास हाताला चिकटतो आणि बराच वेळ जात नाही.

मूळ घरी ती अन्न आहे

रानतुळशीचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. मेक्सिकोत तिच्या बियांना ‘चान’ म्हणतात. सब्जाचे बी पाण्यात टाकले असता त्याभोवती जसा बुळबुळीत थर तयार होतो, तसाच तो या बियांभोवतीही तयार होतो. मेक्सिकोच्या कोलिमा या प्रांतात हे बी भाजून, दळून त्याचे ‘बाते’ नावाचे थंड पेय करतात. काही प्रदेशांत तिचे कोवळे शेंडे स्वादासाठी वापरले जातात. आफ्रिकेत डास दूर ठेवण्यासाठी घरात तिची पाने ठेवतात किंवा त्यांचा धूर करतात. पश्चिम आफ्रिकेत साठवलेल्या कडधान्याला कीड लागू नये म्हणूनही तिचा पाला वापरतात.

म्हणजे ही निरुपयोगी वनस्पती नाही. मग ती भारतात तण कशी ठरली?

पसरण्याची साधने

याचे उत्तर रोपाच्या रचनेत आहे. फूल गळाल्यावर त्याच्या तळाशी असलेला पेला वाळतो आणि त्याच्या कडेला टोकदार दाते उरतात. हे दाते जनावरांच्या केसांत आणि माणसांच्या कपड्यांत अडकतात. अशा रीतीने बी कोणाच्याही नकळत दूरवर जाते. बी ओले झाले की त्याभोवतीचा चिकट थर फुगतो आणि ते मातीला, खुराला किंवा चपलेच्या तळव्याला धरून राहते. एका झाडावर फुले पुष्कळ येतात. त्यामुळे बीही विपुल होते.

दुसरे साधन म्हणजे वास. जो वास माणसाला आवडतो, तो गाई-म्हशींना आवडत नाही. चरणारी जनावरे भोवतालचे गवत खातात आणि रानतुळस तशीच सोडतात. वर्षामागून वर्षे असे घडले की गवत कमी होते आणि रानतुळस वाढते. जनावरांनी जे खाल्ले ते संपत जाते आणि जे टाळले ते माजते.

तिसरे साधन म्हणजे दाटी. रोपे एकमेकांना लागून उगवतात आणि जमिनीवर पडणारा उजेड अडवतात. तिच्या पानांच्या अर्काने इतर काही वनस्पतींचे बी रुजण्यास अडथळा येतो, असेही प्रयोगांत आढळले आहे.

भिलाईची जमीन आणि रानतुळस

रानतुळशीला उकरलेली, उघडी पडलेली जमीन मानवते. घनदाट, निकोप जंगलात तिला सहज शिरकाव मिळत नाही. रस्त्याची कड, लोहमार्गाचा भराव, पडीक शेत, खाणीजवळची माती या तिच्या आवडत्या जागा आहेत. भिलाई परिसराच्या इतिहासात अशा जागा भरपूर तयार झाल्या.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‍घाटन झाले. तोपर्यंत शेती आणि गुरचरणीच्या असलेल्या प्रदेशात कारखाना, सेक्टरांमध्ये विभागलेली वसाहत, रस्ते आणि लोहमार्ग आले. दल्ली-राजहरा येथून लोहखनिज आणि नंदिनी येथून चुनखडी येऊ लागली. देशाच्या सर्व भागांतून कामगार आले. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. त्यामुळे हे अंतर फार वाटत नव्हते. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले.

या भागातील लालसर, खडेमिश्रित, हलक्या जमिनीला छत्तीसगडीत ‘भाटा’ म्हणतात. भाटा जमिनीवर धान चांगले पिकत नाही, म्हणून ती बहुधा चराईसाठी मोकळी राहते. अशा मोकळ्या जमिनीवर आणि रस्त्यांच्या कडेला पावसाळ्यात चरोटा उगवतो. चरोटा म्हणजेच मराठीतील टाकळा. त्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडली जातात आणि पुढे बी गोळा करून विकले जाते. ज्यांच्याकडे स्वतःची शेती नाही, अशा कुटुंबांना ही भाजी विनामूल्य मिळते. रानतुळस आणि चरोटा यांना सारख्याच जागा लागतात. जेथे रानतुळस दाट झाली, तेथे चरोट्याला आणि गवताला उजेड व जागा कमी पडते. त्याचे नुकसान प्रथम शेळी पाळणाऱ्याला आणि भाजी खुडणाऱ्या बाईला सोसावे लागते. म्हणून हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही.

बेटांवर हे अधिक तीव्र का होते?

सुगंधी, खाण्याजोग्या वनस्पती तण बनल्याची उदाहरणे बेटांवर विशेष आढळतात. प्रशांत महासागरातील हवाई बेटे सर्वांत जवळच्या खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. तेथेही रानतुळस पोहोचली आहे. आपल्याकडे जिला रामतुळस म्हणतात, तीही हवाईत बागेबाहेर पडून आपोआप वाढू लागली आहे. लांब, दातेरी पानांची आणि कोथिंबिरीच्या वासाची एक अमेरिकी वनस्पती मणिपूर, मिझोराम आणि अंदमान येथे आवडीने स्वयंपाकात वापरली जाते. प्रशांत महासागरातील काही बेटांवर मात्र तिची गणना तणांत होते. रानतुळस अंदमान-निकोबारमध्येही आढळते.

दूरच्या बेटावर वनस्पती आणि प्राणी लाखो वर्षे बाहेरच्या स्पर्धेवाचून वाढलेले असतात. अनेक बेटांवर खुरांची जनावरे मुळीच नव्हती, म्हणून तेथील रोपांना काटे, उग्र वास किंवा कडू रस यांची गरज पडली नाही. अशा ठिकाणी माणूस जनावरे आणतो आणि त्यांच्यामागून कणखर तण येते. तणाला त्याच्या मूळ देशात खाणारे किडे आणि रोग मात्र मागेच राहतात. स्थानिक रोप चरले जाते, नवे रोप टाळले जाते. बेट लहान असल्यामुळे हटलेल्या स्थानिक वनस्पतीला दुसरीकडे जाता येत नाही. तेथून ती गेली, तर जगातूनच जाण्याची भीती असते.

भिलाई समुद्रापासून फार दूर आहे. तरी बेटांचा हा धडा तिलाही लागू होतो. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये बेटांवरील जीवसृष्टीविषयी एक सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. बेट जितके लहान आणि दूर, तितक्या तेथे टिकणाऱ्या जाती कमी, असा त्याचा आशय होता. पुढे अभ्यासकांनी हा विचार जमिनीवरील ‘बेटां’नाही लावला. चारी बाजूंनी शेते असलेला जंगलाचा तुकडा हे एक बेट आहे. रस्ते, भिंती आणि रूळ यांनी वेढलेले कुरणही बेटच आहे. अशा तुकड्यातून गवताची एखादी जात नाहीशी झाली, तर शेजारून ती परत येणे कठीण असते. रानतुळशीला मात्र कपडे, खूर आणि गाड्यांची चाके यांचा आधार असतो. रस्ता गवताला अडवतो आणि तणाला वाट करून देतो.

उत्पन्न आणि उच्चाटन

वनतुळशीच्या नावाने बी गोळा करून विकण्याची रीत मध्य भारतात आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये ज्या गौण वनोपजांना किमान आधारभूत किमतीच्या यादीत नव्याने घेतले, त्यांत वनतुळशीच्या बियांचाही समावेश होता. हे नाव एकाहून अधिक वनस्पतींना दिले जाते, म्हणून कोणते बी आहे हे ओळखूनच व्यवहार करावा लागतो.

येथे एक पेच निर्माण होतो. बी विकणाऱ्याला ते पूर्ण पिकलेले हवे असते. जमीन वाचवायची असेल, तर बी पिकण्याआधीच रोप उपटले पाहिजे. एकाच रोपातून ही दोन्ही कामे साधत नाहीत; जागा वाटून घेतल्या, तर साधू शकतात. चराईची जमीन, भाजीच्या जागा आणि जंगलाची कड येथील रोपे फुले येण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्यातच मुळासकट उपटावीत. तेव्हा माती ओली असते आणि मूळ सहज निघते. जेथे बी गोळा करायचे असेल, तेथे वाळलेली झाडे कापडावर किंवा ताडपत्रीवर झोडावीत आणि उरलेल्या काटक्या रस्त्याच्या कडेला टाकू नयेत. घरी परतताना कपडे झटकावेत, पण ते निघाल्या जागीच. एकदा उपटून काम संपत नाही. मातीत राहिलेले बी पुढच्या पावसात पुन्हा रुजते. म्हणून सलग काही वर्षे लक्ष ठेवावे लागते. मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवत लावले, तर तणाला पुन्हा जागा मिळत नाही.

नावात तुळस आहे म्हणून रोप उपटताना काहींच्या मनात संकोच येणे स्वाभाविक आहे. परंतु वृंदावनातील तुळस वेगळी आणि रानतुळस वेगळी. तसेच ‘वनस्पती औषधी आहे’ असे ऐकून अनोळखी रोप खाणेही योग्य नाही.

गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आले, तेव्हा ते थोड्याच जागेत होते. आज ते देशभर आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. आज ती असंख्य जंगलांत पसरली आहे. दोन्ही उदाहरणांत आरंभी श्रम थोडे लागले असते. भाटा जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर यंदा दहा रोपे दिसली, तर ती एका सकाळी हातांनी निघतात. ती तशीच सोडली, तर काही वर्षांनी त्याच तुकड्यावर शेळीला गवत आणि घराला चरोट्याची भाजी मिळेनाशी होते.