निमस्तिष्कातील रक्तवाहिनी-विकृती

निमस्तिष्काच्या (लहान मेंदूच्या) रोहिण्या, केशवाहिन्या किंवा नीला यांच्या रचनेतील दोषांना ही संज्ञा लावतात. हे दोष म्हणजे अर्बुदे (गाठी) नव्हेत.

निमस्तिष्क कवटीच्या मागील भागात, मस्तिष्क स्तंभाच्या पाठीमागे असते. त्याच्या प्रत्येक बाजूस तीन रोहिण्या रक्त पुरवितात. ऊर्ध्व व अग्र-अधर निमस्तिष्क रोहिण्या आधार रोहिणीपासून, तर पश्च-अधर रोहिणी बहुधा कशेरुक रोहिणीपासून निघते. त्यांच्या शाखा मस्तिष्क स्तंभासही जातात. म्हणून विकृतीला रक्त पुरविणारी शाखा बंद करताना स्तंभाचा पुरवठा तुटणार नाही, हे पाहावे लागते.

प्रकार : (१) रोहिणी-नीला विकृती : हिच्यात मधल्या केशवाहिन्या नसतात. रोहिणीतील जास्त दाबाचे रक्त वेड्यावाकड्या वाहिन्यांच्या गुंत्यातून सरळ नीलांत शिरते. पुरवठा करणाऱ्या रोहिणीवर कधीकधी फुगेही येतात. (२) कोटरी विकृती : पातळ भित्तीच्या, तुतीच्या फळासारख्या दिसणाऱ्या पोकळ्यांचा हा पुंजका असतो. त्यातील प्रवाह मंद असल्याने तो रोहिणीचित्रणात दिसत नाही; चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात दिसतो. (३) विकासज नीला दोष : बारीक नीला छत्रीच्या काड्यांप्रमाणे एका मोठ्या नीलेस मिळतात. (४) केशवाहिनी विस्फार : हा बहुधा निरुपद्रवी असतो.

परिणाम : रक्तस्राव झाल्यास अचानक डोकेदुखी, वांती, घेरी व तोल जाणे ही लक्षणे उद्‌भवतात. येथील जागा अपुरी असल्याने थोड्या रक्तानेही चौथे मस्तिष्क विवर दबून मस्तिष्क-मेरुद्रव तुंबतो व मस्तिष्क स्तंभावर दाब पडून श्वसन थांबू शकते. त्यामुळे तातडीच्या उपचारांची गरज असते.

निदान व उपचार : मस्तिष्क रोहिणीचित्रण पोर्तुगीज वैद्य एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये प्रचारात आणले. रोहिणी-नीला विकृतीतील शस्त्रक्रियेचा धोका अजमावण्यासाठी स्पेट्झलर व मार्टिन यांनी १९८६ मध्ये प्रतवारी सुचविली. तीत विकृतीचा आकार (३ सेंमी. हून कमी, ३ ते ६ सेंमी. व ६ सेंमी. हून अधिक), लगतच्या भागाचे महत्त्व व खोल नीलांतील निचरा यांना गुण दिलेले आहेत. निमस्तिष्कातील खोल केंद्रके व वृंत हे महत्त्वाचे भाग होत. शस्त्रक्रिया, नलिकेद्वारे वाहिनी बंद करणे व केंद्रित प्रारण हे उपचार आहेत. प्रारणाने विकृती बंद होण्यास २–३ वर्षे लागू शकतात व तोवर रक्तस्रावाचा धोका राहतो.

विकासज नीला दोष मात्र काढीत नाहीत. ती नीला आकाराने विकृत असली, तरी निरोगी भागातील रक्ताचा निचरा तीच करते. ती तोडल्यास तो भाग सुजून मृत होऊ शकतो. तिच्याशेजारी पुष्कळदा कोटरी विकृती आढळते. अशा वेळी पुंजका काढून नीला जपतात.